क्रूझच्या बंदर-दिवशी ऑल-इन्क्लुझिव्ह बीच क्लब: बुकिंगपासून जहाजावर परतण्यापर्यंत

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर जहाज एखाद्या बंदरात साधारण सात ते दहा तास थांबते. या दिवशी लांबच्या सहलीला जाण्याऐवजी अनेक कुटुंबे ऑल-इन्क्लुझिव्ह बीच क्लब निवडतात. एकदा ठरावीक रक्कम भरली की खुर्ची, सावली, पोहण्याचा तलाव, जेवण आणि पेये यांसाठी दिवसभर पुन्हा पाकीट उघडावे लागत नाही. कल्पना सोपी आहे, पण ती अमलात आणताना लोक त्याच त्या ठिकाणी चुकतात. क्लब आधी निवडला जातो, पैसे भरले जातात आणि जहाजाच्या वेळा नंतर पाहिल्या जातात. ‘सर्व समाविष्ट’ या शब्दांत काय काय येते, हे क्लबच्या दारात उभे राहून विचारले जाते. परतीची वेळ तर सर्रास मोबाइलवरच्या घड्याळावर सोडून दिली जाते, आणि या चुकीची किंमत सर्वांत मोठी असते.

मुख्य उदाहरण म्हणून मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातले कोझुमेल बेट घेतले आहे, कारण तिथे असे क्लब बरेच आहेत आणि ते धक्क्यांपासून फार लांब नाहीत. इतर बंदरांत जिथे पद्धत वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे. क्रूझ कंपन्यांच्या स्वतःच्या खासगी बेटांचा विचार येथे केलेला नाही, कारण तिथे टॅक्सी, स्थानिक वेळ आणि वेगळे बुकिंग हे प्रश्नच उद्भवत नाहीत.

## १. आधी वेळ मोजा, मग क्लब निवडा

जहाज सकाळी ८ वाजता बंदरात येते, याचा अर्थ तुम्ही ८ वाजता जमिनीवर असता असा नव्हे. दोर बांधले जातात, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळते, मग जिना उघडतो आणि त्यानंतर रांग सुरू होते. म्हणून उतरण्यासाठी अर्धा ते पाऊण तास धरावा. दुसऱ्या टोकाला ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सर्व प्रवाशांनी जहाजावर परत असण्याची वेळ, ही जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते आणि काही बंदरांत त्याहूनही आधीची असते. हिशेब नेहमी या दुसऱ्या वेळेपासून मागे मागे करावा. सुटण्याची वेळ त्यात धरूच नये.

जहाज ८ ते १७ असे थांबणार आहे आणि ऑल अबोर्ड १६:३० आहे, असे समजा. धक्क्यावर १५:३० पर्यंत पोहोचायचे, म्हणजे एक तास हाताशी राहतो. त्यासाठी क्लबमधून १५:०० वाजता निघायला हवे, आणि आंघोळ, कपडे, हिशेब व टॅक्सीची वाट हे सर्व धरता पाण्याबाहेर १४:१५ वाजता यायला हवे. सकाळी ८:४० ला उतरलात, ९:०० ला टॅक्सी मिळाली आणि ९:३० ला क्लबमध्ये बसलात, तर जहाजाच्या वेळापत्रकात नऊ तास दिसत असूनही प्रत्यक्षात समुद्रकिनारी मिळणारा निवांत वेळ पाच तासांच्या आतच असतो. माझे मत असे की हा आकडा चार तासांच्या खाली जात असेल, तर पूर्ण ऑल-इन्क्लुझिव्ह पास घेऊ नये. नुसता प्रवेश देणारा आणि खाण्यापिण्याचे पैसे वेगळे घेणारा क्लब अशा दिवशी परवडतो.

जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकून उभे राहणार असेल आणि प्रवाशांना लहान टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेणार असेल, तर दोन्ही बाजूंना आणखी वेळ धरावा. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी ही अशी बंदरे आहेत. तिथे ऑल अबोर्डची वेळ महत्त्वाची नसून शेवटची टेंडर बोट केव्हा सुटते ती वेळ महत्त्वाची असते. परतीच्या बोटीसाठी कडक उन्हात लांब रांग लागते, हेही लक्षात ठेवावे.

### जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. किंताना रो राज्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे. ती अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामीच्या हिवाळी वेळेइतकी असते आणि उन्हाळ्यात बदलत नाही. अमेरिकेत मात्र मार्च ते नोव्हेंबर या काळात घड्याळे एक तास पुढे केली जातात. परिणामी उन्हाळ्यात फ्लोरिडाहून निघालेले जहाज आपलीच वेळ चालू ठेवत असेल, तर कोझुमेलची स्थानिक वेळ जहाजाच्या एक तास मागे असते. जहाजावर १६:३० झालेले असतात, तेव्हा क्लबच्या भिंतीवरचे घड्याळ आणि स्थानिक नेटवर्क पकडलेला मोबाइल १५:३० दाखवतात. ज्याला ‘अजून एक तास आहे’ असे वाटते, त्याचे जहाज त्याच क्षणी दारे बंद करत असते.

टेक्ससमधील गॅल्व्हस्टनहून हिवाळ्यात निघालेल्या जहाजावर उलटे घडते: कोझुमेलचे घड्याळ जहाजाच्या एक तास पुढे असते. त्यात जहाज चुकण्याचा धोका नाही, पण क्लबच्या आरक्षणाची वेळ टळू शकते. काही कंपन्या जहाजाचे घड्याळ स्थानिक वेळेशी जुळवतात, काही जुळवत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या दोन प्रवासांतही फरक पडू शकतो. म्हणून मागच्या अनुभवावर विसंबू नये. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या किंवा जहाजाच्या ॲपवर दिसणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेतच ही गोष्ट पाहावी. होंडुरास आणि बेलीझ हे देशही उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाहीत आणि त्यांची वेळ कोझुमेलच्याही एक तास मागे असते.

याचा सकाळीही परिणाम होतो. जहाजाच्या ९ वाजता तुम्ही क्लबच्या दारात उभे असाल आणि स्थानिक वेळ ८ असेल, तर दार बंद असण्याची शक्यता असते.

तपासणी: मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि ते जहाजावरच्या घड्याळाशी जुळवून घ्या. मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा. ऑल अबोर्डची वेळ कागदावर लिहा आणि तिच्यापुढे ‘जहाजाची वेळ’ असे शब्द लिहायला विसरू नका.

## २. ‘सर्व समाविष्ट’ म्हणजे काय, हे ओळीओळीने वाचा

बीच क्लबचे तीन प्रकार असतात आणि जाहिरातीत ते एकसारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात जेवण आणि पेये अमर्याद असतात. दुसऱ्यात तुम्ही भरलेली रक्कम खाण्यापिण्याच्या खात्यात जमा होते आणि ती संपली की पुढचे पैसे द्यावे लागतात. तिसऱ्यात फक्त प्रवेश आणि खुर्ची मिळते. ‘डे पास’ हा शब्द तिन्हींसाठी वापरला जातो, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच निष्कर्ष काढू नये. बहामासमधील नासाऊ येथे मोठ्या हॉटेलांचे डे पास लोकप्रिय आहेत, पण त्यांपैकी अनेकांत जेवण समाविष्ट नसते आणि तिथे गेल्यावरच अनेकांना ते कळते.

पहिल्या प्रकारच्या क्लबमध्येही पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात:

- जेवण मेन्यूवरून मागवायचे की बुफे आहे, आणि मेन्यूतले काही पदार्थ वेगळ्या किमतीचे आहेत का?
- पेयांमध्ये कोणते ब्रँड येतात, आणि बाटलीबंद पाणी व फळांचे रस अमर्याद आहेत का?
- खुर्ची आणि छत्री आत धरलेली आहे का, की सावलीची झोपडी किंवा कबाना (पडदे लावलेला खासगी मंडप) वेगळी घ्यावी लागते?
- टॉवेल आणि लॉकर मिळतात का, आणि त्यासाठी अनामत किती?
- स्नॉर्केलचा (पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहण्यासाठीच्या श्वासनळीचा) मुखवटा, कयाक म्हणजे वल्हवायची छोटी होडी, पाण्यावर तरंगणारी घसरगुंडी यांचे वेगळे पैसे आहेत का?
- कर आणि सेवाशुल्क दाखवलेल्या किमतीत धरले आहे का?
- धक्क्यापासून ने-आण कोण करते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बंदरानुसार बदलते. कोझुमेलच्या क्लबमध्ये सामान्यतः स्वतः टॅक्सीने जावे लागते. किंताना रो राज्यातल्याच कोस्टा माया बंदरापासून माहाउआल गावाच्या पलीकडे असलेले काही छोटे क्लब मात्र ठरलेल्या जागेवरून प्रवाशांना घेऊन जातात आणि परत आणून सोडतात, आणि त्यांच्या किमतीत तो प्रवास धरलेला असतो. म्हणून दोन क्लबच्या किमतींची तुलना करताना टॅक्सी, टॉवेल, लॉकर आणि टिप मिळवूनच ती करावी.

लहान मुलांसाठीचे दर वयानुसार ठरतात आणि वयाची मर्यादा प्रत्येक क्लबची वेगळी असते. मद्य न घेणाऱ्या प्रौढांसाठी काही ठिकाणी कमी दराचा पास असतो. तो संकेतस्थळावर ठळकपणे दिसत नाही, तेव्हा विचारून घ्यावा. चार जणांच्या कुटुंबात दोघेच मद्य घेत असतील, तर सर्वांसाठी ओपन बारचा, म्हणजे अमर्याद मद्याचा, पास घेणे बहुधा तोट्याचे ठरते.

सावधान: किनाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. २०११ पासून कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर सारगासम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहे. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्याचे प्रमाण वाढते आणि ते कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पूर्वेकडे उघडे असलेले किनारे त्याच्या थेट वाटेत येतात. कोस्टा माया अशाच किनाऱ्यावर आहे. कोझुमेलचे बीच क्लब मात्र बेटाच्या पश्चिम बाजूला असल्याने बहुतांशी वाचतात. त्या हंगामात जाणार असाल, तर जाण्याच्या आठवड्यातली ताजी छायाचित्रे पाहा. जाहिरातीतली छायाचित्रे कधी काढली आहेत, हे कळायला मार्ग नसतो.

## ३. जहाजाकडून बुकिंग की स्वतः?

अनेकदा तोच क्लब क्रूझ कंपनीही आपली सहल म्हणून विकते, आणि किंमत जास्त असते. त्या जास्तीच्या पैशांत एक महत्त्वाची गोष्ट मिळते: कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या दिवसासाठी जहाज थांबत नाही. याशिवाय जहाज त्या बंदरात गेलेच नाही, तर कंपनीच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात.

दुसरी बाजू अशी की कंपनीच्या सहलीत वेळ बांधलेला असतो आणि क्लबमधले तास कमी मिळतात. पहिलीच क्रूझ असेल, बंदर टेंडरचे असेल, सोबत वृद्ध असतील किंवा क्लब धक्क्यापासून अर्ध्या तासापेक्षा लांब असेल, तर मी कंपनीच्या सहलीचीच शिफारस करीन. कोझुमेलसारख्या ठिकाणी, जिथे टॅक्सी धक्क्यावरच मिळते आणि रस्ता सरळ आहे, तिथे स्वतः बुकिंग करण्यात धोका कमी आहे आणि बचत खरी आहे.

## ४. बुकिंग करताना

चांगले क्लब रोजच्या पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवतात, आणि तीन-चार मोठी जहाजे एकाच दिवशी आली की जागा आधीच भरतात. म्हणून प्रथम त्या तारखेला बंदरात किती जहाजे आहेत ते पाहावे. क्रूझ बंदरांची वेळापत्रके इंटरनेटवर खुली असतात. त्यावरून क्लबमध्ये गर्दी किती असेल आणि परतताना टॅक्सीसाठी किती थांबावे लागेल, या दोन्हींचा अंदाज येतो.

सर्वसाधारण पद्धत अशी असते की थोडी आगाऊ रक्कम ऑनलाइन भरायची आणि उरलेली क्लबमध्ये द्यायची. बुकिंगमध्ये जहाजाचे नाव अवश्य लिहावे, कारण वादळामुळे जहाजाने मार्ग बदलला तर क्लबला ते तपासता येते. कोझुमेलमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे बंदर बंद ठेवण्याची वेळ येते, त्यामुळे ही शक्यता केवळ कागदावरची नाही.

तपासणी: रद्द करण्याच्या अटींमध्ये ‘जहाज बंदरात न आल्यास पूर्ण परतावा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का? नसेल, तर दुसरा क्लब पाहा. बुकिंगची पावती मोबाइलमध्ये साठवा आणि कागदावरही छापून घ्या. जमिनीवर इंटरनेट मिळेल असे गृहीत धरू नका.

## ५. आदल्या रात्रीची तयारी

बॅग सकाळी भरायला घेतली की काहीतरी राहते. आदल्या रात्री जेवणानंतर ती भरून ठेवावी, आणि एका कुटुंबासाठी एकच मोठी, वर झिप असलेली बॅग घ्यावी.

कागदपत्रे. जहाजाचे कार्ड प्रत्येकाचे स्वतःजवळ हवे. धक्क्याच्या फाटकावर अनेक बंदरांत कार्डासोबत सरकारी छायाचित्र ओळखपत्रही मागतात. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा की केबिनच्या तिजोरीत ठेवावा, याविषयी दोन मते आहेत. ज्यांच्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा चिकटवलेला आहे, त्यांनी तो वाळूवर आणि ओल्या बॅगेत नेऊ नये, असे मला ठामपणे वाटते, कारण तो हरवला तर व्हिसाही जातो आणि क्रूझ संपताना अमेरिकेत परतणे अवघड होते. रंगीत प्रत, मोबाइलमधले छायाचित्र आणि दुसरे एखादे सरकारी ओळखपत्र पुरेसे असते. मात्र जहाजाने किंवा त्या देशाने मूळ पासपोर्ट नेण्याची सूचना दिली असेल, तर ती पाळावी.

पैसे. कोझुमेलमध्ये डॉलर सर्वत्र चालतात, पण सुटे हवेत: एक, पाच आणि दहाच्या नोटा, फाटलेल्या किंवा चिकटवलेल्या नसलेल्या. मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह वापरतात, त्यामुळे फलकावरचा आकडा कोणत्या चलनातला आहे, हे विचारल्याशिवाय काहीही मागवू नये. कार्ड वापरताना यंत्राने चलन निवडायला सांगितले, तर पेसो निवडावे. डॉलर निवडल्यास दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो.

औषधे. दिवसभराची औषधे आणि त्यावर एक दिवसाची जास्तीची. जहाज चुकले तर तीच उपयोगी पडतात.

कपडे आणि उन्हापासून बचाव. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, टोपी, गॉगल, पाण्यात घालायचे बूट आणि परतीसाठी कोरडे कपडे एका जाड प्लास्टिक पिशवीत घ्यावेत. कोझुमेलची प्रवाळ खडकांची पट्टी १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सनस्क्रीनमधली काही रसायने प्रवाळाला अपायकारक असतात. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेले, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे, पण खरा भर अंग झाकणाऱ्या कपड्यांवर ठेवावा.

टॉवेल. जहाजाचे टॉवेल खोलीच्या नावावर मोजून दिले जातात आणि परत न केल्यास पैसे लावले जातात. क्लबचे टॉवेल मिळणार असतील, तर जहाजाचे नेऊच नयेत, म्हणजे अदलाबदल होत नाही.

जहाजावरच्या बुफेतली फळे, सँडविच किंवा शिजवलेले अन्न किनाऱ्यावर नेण्यास मनाई असते. कारखान्यात सीलबंद केलेले पाकीट सहसा चालते.

## ६. धक्क्यापासून क्लबपर्यंत

कोझुमेलमध्ये क्रूझ जहाजांचे तीन धक्के आहेत. पुंता लांगोस्ता हा सान मिगेल गावातच आहे. इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया हे त्याच्या दक्षिणेला एकमेकांजवळ आहेत. क्लब बेटाच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर असल्यामुळे दक्षिणेकडच्या दोन धक्क्यांवरून अंतर कमी पडते. तुमचे जहाज कोणत्या धक्क्याला लागणार आहे, हे आधी शोधून ठेवावे. होंडुरासच्या रोआतान बेटावरही दोन वेगळी क्रूझ बंदरे आहेत आणि तिथे ने-आण करणाऱ्या क्लबला चुकीचे बंदर सांगितले, तर गाडी दुसरीकडेच उभी राहते.

उतरल्यावरचा क्रम असा ठेवावा.

1. जहाजाच्या जिन्याजवळ लावलेला ऑल अबोर्डचा फलक मोबाइलने टिपून घ्या. कार्यक्रमपत्रिका छापल्यानंतर वेळ बदलली असेल, तर ती इथेच दिसते.
2. बंदरातल्या दुकानांच्या भागातून न थांबता बाहेर पडा. खरेदी परतताना करता येते.
3. अधिकृत टॅक्सी थांब्यावर जा. तिथे दरफलक असतो आणि गाड्या क्रमाने सोडणारा माणूस असतो. गाडीत बसण्यापूर्वी क्लबचे नाव, भाडे, चलन आणि ते भाडे गाडीचे आहे की प्रत्येक माणसाचे, हे चारही स्पष्ट करून घ्या. कोझुमेलमध्ये भाडे मीटरवर नसते. ते ठिकाणानुसार ठरलेले असते आणि साधारणपणे चार जणांपर्यंत गाडीमागे मोजले जाते.
4. फक्त जाण्याचे पैसे, पोहोचल्यावर द्या.

सावधान: ‘तो क्लब आज बंद आहे, मी चांगल्या ठिकाणी नेतो’ असे कोणी म्हणाले, तर पावती दाखवून नम्रपणे तेच नाव पुन्हा सांगा, आणि तरीही आग्रह झाला तर दुसरी गाडी घ्या. परतीचे भाडेही आधीच देण्याची विनंती मान्य करू नका. क्लबच्या दारात परतीच्या टॅक्सी उभ्या असतात, आणि ठरवलेला चालक आला नाही तर तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

## ७. क्लबमधली पहिली वीस मिनिटे

या वीस मिनिटांत घाई केली की दिवसभर ती निस्तरावी लागते. नोंदणीच्या टेबलावर उरलेली रक्कम भरताना पावती मागून घ्यावी आणि मनगटावर बांधल्या जाणाऱ्या पट्टीचा रंग आपल्या पासचाच आहे का, ते विचारावे; अनेक क्लबमध्ये रंगावरूनच वाढप्याला कळते की कोणाला काय द्यायचे. पट्टी मुलांच्या हातावर एक बोट आत जाईल इतकी सैल बांधून घ्यावी.

मग पाण्यात न जाता आधी जागा निवडावी. सकाळची सावली दुपारी सरकते, म्हणून सूर्य कुठून कुठे जाणार हे पाहूनच खुर्च्या घ्याव्यात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर दुपारनंतर ऊन थेट समोरून येते. स्वच्छतागृह आणि बार यांच्या अगदी शेजारची जागा सकाळी सोयीची वाटते आणि दुपारी गोंगाटाची होते. सर्वांनी मिळून एक भेटीची खूण ठरवावी, आणि लॉकर घेऊन जहाजाची कार्डे, ओळखपत्रे व जास्तीचे पैसे त्यात ठेवावेत. किल्ली एकाच प्रौढाकडे असावी.

सुरुवातीलाच आपल्या भागातल्या वाढप्याशी ओळख करून घेऊन दोन-चार डॉलर द्यावेत आणि उरलेली टिप निघताना द्यावी. पासमध्ये सेवाशुल्क धरलेले असले, तरी दिवसभर उन्हात धावणाऱ्या या माणसांसाठी पेयांच्या प्रत्येक फेरीला एक-दोन डॉलर बाजूला ठेवणे योग्य आहे.

## ८. खाणे आणि पिणे

स्वयंपाकघरावर सर्वाधिक ताण १२ ते १:३० या वेळेत येतो. जेवण ११:३० च्या सुमारास मागवले, तर ताजे आणि लवकर मिळते.

शाकाहारी प्रवाशांनी मेक्सिकोत जास्त काळजी घ्यावी लागते. घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते आणि लालसर भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. वरून दोन्ही शाकाहारीच दिसतात. ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण काही ठिकाणी कोंबडी आणि मासे त्या शब्दात धरले जात नाहीत. स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका’ असे चारही सांगावे: मांस, कोंबडी, मासा आणि चरबी नको. ग्वाकामोले (अवोकॅडोची चटणी), चीज घातलेली केसादिया (दुमडून भाजलेली पोळी), तळलेली केळी आणि फळे हे तुलनेने निर्धोक पर्याय असतात. बुकिंग करतानाच ईमेलने विचारून ठेवल्यास छोटे क्लब वेगळे काही करूनही देतात.

नळाचे पाणी पिऊ नये. प्रत्येक मद्यपेयामागे एक पेला पाणी, हा नियम सुरुवातीपासूनच पाळावा. उन्हात आणि पाण्यात असताना नशा चढलेली लक्षात येत नाही, आणि अमर्याद बारचा पास घेतला म्हणजे तो वसूल करायलाच हवा असे मानणारे लोकच दुपारी आजारी पडतात किंवा वेळ विसरतात. मेक्सिकोत मद्यपानाचे किमान वय १८ आहे. पोहणे, स्नॉर्केल आणि पाण्यावरचे सर्व खेळ जेवणाआधी आणि मद्याआधी उरकावेत, हा क्रम उलटा करू नये.

## ९. समुद्रात उतरताना

कोझुमेलची पश्चिम बाजू शांत दिसते, पण किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह इथे जोरकस असतो. स्नॉर्केल करणारे माणूस खाली पाहत राहते आणि आपण किती सरकलो हे त्याला कळत नाही. दोराने आखलेल्या भागाच्या आतच राहावे, दर काही मिनिटांनी किनाऱ्यावरची खूण पाहावी आणि बाहेरच्या बाजूने बोटी जातात हे विसरू नये. पूर्वेकडच्या उघड्या किनाऱ्यावर लाटा आणि ओढ धोकादायक असतात. टॅक्सीवाल्याने सुचवले तरी तिथे पोहू नये.

अनेक क्लबमध्ये जीवरक्षक नसतो किंवा फक्त तलावाजवळ असतो. मुलांवर लक्ष ठेवण्याची पाळी नाव घेऊन ठरवावी; ‘सगळेच पाहत आहेत’ असे असते तेव्हा कोणीच पाहत नसते. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये आणि तारामासा पाण्याबाहेर काढू नये. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्याबाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

जेट-स्की किंवा पॅरासेलिंग पासमध्ये नसते आणि ते चालवणारे बहुधा क्लबचे नोकर नसतात. भाड्याने घेण्यापूर्वी यंत्रावरचे ओरखडे मोबाइलने चित्रित करून ठेवावेत, आणि आपल्या प्रवास विम्यात असे खेळ वगळलेले आहेत का ते पाहावे.

## १०. परतीचा प्रवास

मनगटावरच्या घड्याळात ठरलेली वेळ झाली की एका माणसाने सर्वांना बाहेर बोलवावे. हे काम त्या दिवशी मद्य न घेणाऱ्याकडेच द्यावे. आधी लॉकर रिकामा करावा, मग टॉवेल देऊन अनामत परत घ्यावी आणि शेवटी कपडे बदलावेत. लोक हा क्रम उलटा करतात आणि अनामतीच्या रांगेत अडकतात. टॅक्सीत बसण्यापूर्वी माणसे, कार्डे आणि मोबाइल मोजावेत.

टॅक्सीवाल्याला धक्क्याचे नाव सांगावे, फक्त ‘क्रूझ शिप’ म्हणू नये. धक्क्याच्या आत पोहोचल्यावर वेळ उरला असेल, तर तिथे खरेदी करता येते. किनाऱ्यावर विकत घेतलेली दारूची बाटली जहाजावर चढताना जमा करून घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत देतात.

उशीर होत आहे असे दिसले तर: जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या जहाज-प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो सकाळीच मोबाइलमध्ये साठवून ठेवलेला असावा. रस्त्यात अडकल्याचे कळताच त्याला फोन करून आपली नावे, खोलीचा क्रमांक आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ सांगावी. जहाज थांबेल याची खात्री नसते, पण न पोहोचलेल्या प्रवाशांच्या केबिनमधून पासपोर्ट काढून ते प्रतिनिधीकडे सोपवण्याची पद्धत अनेक कंपन्या पाळतात. त्यामुळे जहाज निघून गेले तरी सर्वप्रथम त्या प्रतिनिधीलाच भेटावे. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च स्वतःचा असतो, आणि तिकीट काढण्यापूर्वी त्या देशात विमानाने प्रवेश करण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का ते पाहावे लागते, कारण जहाजातून उतरताना मिळणारी सवलत विमानतळावर लागू होईलच असे नाही.

जहाजावर चढल्यावर त्याच संध्याकाळी दोन कामे उरकावीत. जहाजाचे टॉवेल नेले असतील, तर ते टॉवेलच्या खिडकीवर परत करून आपल्या खोलीच्या नावावरची नोंद काढून घ्यावी. क्लबमध्ये कार्ड वापरले असेल, तर रकमेचा संदेश पावतीशी ताडून पाहावा आणि फरक असल्यास इंटरनेट मिळताच क्लबला पावतीच्या छायाचित्रासह लिहावे.